चावणारं लोखंड

॥ श्री ॥
अवसरी बुद्रुक
२० ऑगस्ट १९९६

चि. सुदर्शन यास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे हे तुझ्या बायकोच्या, अश्विनीच्या पत्रावरून कळलं. स्कूटरवर या वयात शायनिंग मारायला कुणी सांगितलं होतं? मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे. पण मी खुशाल नाही, घाबरले आहे. एसटीडी बूथवरून हे बोलता येत नाही. तिथे सगळं गाव कान लावून असतं, आणि जन्मभर टेलिफोन खात्यात काढल्यावर कान लावणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

माळ्यावर आपल्या आप्पांच्या सामानात एक सागवानी पेटी सापडली. शेजारच्या गजराबाईचा भिमा, तो मेंढरं राखणारा, त्यानंच ती खाली काढून दिली. आत तेलकट कागदात गुंडाळलेली एक काळी, जड वस्तू. वर कमानीसारखं वाकवलेलं लोखंड, एका बाजूला छोटा दांडा. भिमानं दांडा फिरवला मात्र, आणि तो किंचाळून भिंतीवर आदळला. आठवडाभरात त्याची मेंढरं मरायला लागली.

मग मी शहाणीनं खात्री करायला दांडा फिरवून पाहिला. कोपरापर्यंत असा झटका बसला की तोंडून एकदम मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोकून घेतलेली प्रार्थना बाहेर पडली. मेरीमातेवर भागेना, म्हणून पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि उदबत्ती लावली. नेमकी तेव्हाच गजराबाई दारात उभी होती. ती उलट्या पावली गेली.

काल माझ्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू होतं. मी ते चिमट्यानं उचलून फेकलं आणि चिमटा दोनदा धुतला, तुला खोटं कशाला सांगू.

कळावे. लोभ आहेच, थोडा धीर पाठवून दे.
तुझी इंदूताई

॥ श्री ॥
पुणे
२५ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग लिंबापाशी आलो आणि हसू थांबलं. उदबत्ती लावायची काय गरज होती? इतकं शिकून तू भुताला लाच देतेस?

मला वाटतं तो मॅग्नेटो आहे. जुन्या मोटारींना बॅटरीवर ठिणगी मिळत नसे. इंजिनाबरोबर हा फिरायचा आणि ठिणगी द्यायचा. आतल्या लोहचुंबकामुळे हातानं फिरवला तरी झटका देतो. आप्पांची मंचर-भीमाशंकर सर्व्हिस मोटार आठवते ना? तिच्यासाठी त्यांनी मुंबईहून एक जादा मागवला होता, पण तो बसवायच्या आतच मोटार विकली गेली.

तू एवढं कर. हातात जाड रबरी मोजे घाल. दांडा फिरवू नकोस. वायरी जोडायचे किती खुंटे आहेत ते मोज. पितळी पट्टी असेल तर तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून पाठव. दांड्याच्या टोकाला ओरखडे आहेत का पाहा. नसतील तर तो कधीच इंजिनावर चढला नाही. वरचं तेल मुळीच पुसू नकोस. तुला सगळंच पुसायची खोड आहे म्हणून सांगतो. पुण्यात जुन्या मोटारी चालवणारे शौकीन अशा कोऱ्या भागासाठी जीव टाकतात.

मेंढरं दुसऱ्या गावांतही मरतात का, विचार. आणि सरळ इकडे निघून ये.

माया आहे तशीच ठेव, जीभ मात्र आवर.
तुझा सुदर्शन

॥ श्री ॥
अवसरी बुद्रुक
३० ऑगस्ट

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

खुंटे चार. पट्टीवर बाण आणि परदेशी अक्षरं आहेत, घासलेला कागद सोबत आहे. दांड्याचं टोक नव्या सुईसारखं स्वच्छ. तेल पुसलेलं नाही, तुझी टोमणे मारायची हौस फुकट गेली.

मंचरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की यंदा निमगाव सावालाही मेंढरं याच रोगानं जातायत. मी ते चांगदेवला सांगितलं. आपला हा चुलतभाऊ म्हणाला की, आक्का, डाक्टरला काय कळतंय, तुमी पेटीची पूजा करताना बाया-माणसांनी बघितलंय. कुठल्याशा भगतानं निकाल दिलाय की अमावास्येच्या आत पेटी घोडनदीत बुडवायची आणि मी गाव सोडायचं. पुढे मला म्हणतो की, घराची काळजी करू नका, मी हाय ना. तो आहे हीच मला काळजी!

दुपारी पत्र्यावर धोंडा पडला. पाण्याच्या टाकीवर गेले तर बाया हंडे उचलून बाजूला झाल्या. एका सुनेनं लेकराला पदराखाली घेतलं. माझ्यापासून, सुदर्शन! मी दाराला आतून पाटा लावून ठेवते आणि कुणी खोकलं तरी दचकते.

पुण्याला मी येणार नाही. आज गेले तर चेटकीण म्हणून जाईन, आणि तशी गेलेली बाई परत येत नसते. मला माझ्या घरात राहायचं आहे.

अक्षर वाकडं आलंय, समजून घे.
कळावे, आठवण काढत राहा.
इंदूताई

॥ श्री ॥
पुणे
४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कागद एरंडवण्याच्या एका डॉक्टरांना दाखवला. त्यांच्याकडे १९२४ सालची मोटार आहे, मॅग्नेटो जळाल्यामुळे कित्येक वर्षं उभी. कागद पाहून ते खुर्चीतून उठलेच. रविवारी ते स्वतः येतील. नदीत बुडवायच्या वस्तूसाठी पुण्याहून माणूस धावत येतो, हे गावानं पाहू दे. मी या पायानं जिना उतरू शकत नाही, याची इतकी लाज कधी वाटली नव्हती. अश्विनी तर म्हणते, पोलिसांत कळवा. कळवू का?

रविवारपर्यंत दार लावून बस. पोचपावतीची वाट पाहतो, तेवढी कृपा कर.
सुदर्शन

॥ श्री ॥
अवसरी बुद्रुक
९ सप्टेंबर

चि. सुदर्शन यास अनेक आशीर्वाद.

पोलीस नकोत. काल तुझे डॉक्टर आले. दांड्याचं टोक भिंगातून पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. माझ्या हातात चेक दिला, तो मी अजून नीट पाहिलेलाही नाही. वाट दाखवायला मीही बसले. गाडी देवळापर्यंत गेली आणि चांगदेवनं माणसं घेऊन ती अडवली. पेटी गाडीनं गेली तर इडापिडा गावातच राहील, नदीतच गेली पाहिजे, म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं की, म्हातारीला पण घाला तिच्याबरोबर. मी देवळाच्या ओट्याला धरून उभी राहिले.

डॉक्टरांनी पेटी उघडून चुंबक, ठिणगी, सगळं समजावलं, पण त्यांचं पुणेरी बोलणं ऐकून लोक आणखीच बिथरले. मग मी म्हणाले की, खुंट्याला वायर लावा, ती मी धरते, माझा दुसरा हात कुणीतरी धरा आणि लोखंडाला हात लावा, म्हणजे कळेल काय आहे ते. कुणी हलेना. चांगदेव चपलेकडे बघत होता. माझा हात तसाच पुढे राहिला. इतकी भीती मला उभ्या जन्मात वाटली नाही. लोखंडाची नाही, त्या रिकाम्या हाताची.

तेवढ्यात गजराबाई पुढे आली. भिमा तिला मागे ओढत होता. ती त्याला म्हणाली की, सोड रं, तुला काय झालं व्हतं ते मला कळू दे की. तिनं माझा हात घट्ट धरला. स्वतःचा दुसरा हात लोखंडावर ठेवला.

डॉक्टरांनी दांडा फिरवला. आम्ही दोघी एकदम किंचाळलो. गजराबाईनं अशी शिवी दिली की ती मी पत्रात लिहू शकत नाही. मग कोपर चोळत भिमाला म्हणाली की, आरं, एवढंच व्हय? ह्यानं कोंबडी मरायची न्हाई, मेंढरं कशानं मरत्यात! कुणीतरी हसलं. मग गाडीला वाट मिळाली.

भीती गेली असं मी लिहिणार नाही. बाया अजून नजर चुकवतात. घरी येऊन मी कडी लावली, पाटाही लावला. थोड्या वेळानं दार वाजलं. मी पाट्याला पाठ लावून बसले. बाहेरून गजराबाई म्हणाली की, बाई, उघडा, मी हाय. माज्या हाताला अजून मुंग्या येत्यात, तुमच्या बी येत्यात का? मला लई भ्या वाटतंय.

मी पाटा सरकवला. उंबऱ्यावर बसून आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत एकमेकींचे कोपर चोळत होतो.

कळावे. पाय सांभाळ, आणि आहे ती माया तशीच असू दे.
तुझी इंदूताई