गालिनी बोट आणि फेन्नाचा ताप

३ मार्च, सोमवार. प्रेवेझा, ग्रीस. सकाळी सात.
बोट माझी झाली. काल संध्याकाळी थानासिसने किल्ली हातात ठेवली, दोन्ही गालांचे पापे घेतले आणि कागदपत्रं सावकाश बघू म्हणाला. शिडाची बोट, नाव गालिनी. म्हणजे ग्रीकमध्ये शांत समुद्र. पुरुषाला सत्तेचाळिसाव्या वर्षी आणखी काय हवं?

थानासिस मासेमारी करतो. गालिनी त्याने विकली, पण धक्क्यावरची तिची जागा त्याचीच आहे आणि ती त्याला आता मासेमारीच्या बोटीसाठी हवी आहे. तरी म्हणाला, पाण्याचा अंदाज येईपर्यंत राहा. मी म्हटलं, आठवड्यात हलतो. बंदराच्या पलीकडे जागा सांगून ठेवली आहे, नुसता वळसा घालायचा. तोवर त्याची बोट बाहेर नांगरावर उभी राहील आणि तो छोट्या होडीतून वल्हवत ये-जा करील. त्याचे गुडघे दुखतात म्हणे. पण आठवड्याचाच प्रश्न आहे.

दिनक्रम: पहाटे शीड. नऊ ते पाच ऑफिस. संध्याकाळी पुन्हा शीड.

ऑफिसला कळवलेलं नाही. कंपनीचा नियम एवढाच की काम घरून करायचं. गालिनीत पलंग आहे, चूल आहे, संडास आहे. घर आणखी कशाला म्हणतात?

आनेलीसला दोन आठवडे सांगितलेत. ती ‘बरं’ म्हणाली. माझ्या बायकोच्या ‘बरं’चे पुष्कळ अर्थ होतात. मी त्यातला चांगला घेतला.

४ मार्च.
पहाटे शीड नाही. वारा फार.

५ मार्च.
वारा नाही. वाऱ्याशिवाय शिडाची बोट बाहेर काढणं म्हणजे अडाणीपणा.

६ मार्च.
वारा अगदी बेताचा. पण मीटिंग होती.

११ मार्च, मंगळवार. दुपार.
मीटिंगमध्ये माझ्यामागे घरच्या अभ्यासिकेचा फोटो लावतो. पुस्तकांचं कपाट, खिडकी, बाहेर हॉलंडातल्या आमच्या डेव्हेंटरचं ढगाळ आकाश. हुबेहूब. आवाजाचा मात्र त्रास आहे. वारा सुटला की दोर डोलकाठीवर टणटण आपटत राहतो. आज तेर्पस्त्राबाईंनी विचारलंच. मी म्हटलं, शेजाऱ्यांनी घराचं काम काढलंय.

तेर्पस्त्राबाई म्हणजे आमच्या पेन्शन विभागाच्या साहेब. अकरा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही. पण आज त्यांनी मीटिंगनंतर थांबवून घेतलं आणि म्हणाल्या की अशा गोंगाटातही तुम्ही काम करता, मी नोंद घेतली आहे. जेवण गेलं नाही. निदान दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार.
आज बाहेर काढणारच होतो. इंजिन सुरू केलं. मागचा एक दोर सोडला. गालिनीने लगेच तोंड फिरवलं आणि शेजारच्या जर्मन जोडप्याच्या बोटीकडे निघाली. त्यांच्या बोटीत ते दोघं नाश्ता करत होते. दोघंही अंडी हातात घेऊन उभे राहिले. दोर परत बांधला. त्यांना म्हटलं, गाठ तपासत होतो.

थानासिस आपल्या होडीतून जात होता. वल्ही थांबवून म्हणाला, “कॅप्टन, भिंतीला बांधूनच ठेवायची होती तर तुला मी गाय विकली असती.”

हसलो. तो मात्र होडीतून धक्क्यावर चढला तेव्हा गुडघा धरून काही वेळ तसाच उभा राहिला. मी आत जाऊन पडदा ओढला. उन्हाचा त्रास होत होता.

आनेलीसला आणखी दोन आठवडे मागितले. पुन्हा ‘बरं’. यातला चांगला अर्थ शोधावा लागला. लेकीशी, फेन्नाशीही बोललो. पाच एप्रिलला, शनिवारी, तिची पोहण्याची परीक्षा आहे. कपड्यांसकट पाण्यात उडी मारायची असते, बुटांसकट. सात वर्षांच्या पोरीला याचा एवढा अभिमान! येणार म्हणून शब्द दिला. तिकीटही काढलं. तेव्हा हा शब्द पक्का.

४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी तीन.
इंजिन सुरू होत नाही. मेकॅनिक म्हणाला, उद्या सकाळी येतो, तू बोटीवर हवास. माझं विमान आज संध्याकाळी. नीट विचार केला. मेकॅनिक परत कधी मिळेल सांगता येत नाही. फेन्ना मात्र पुढेही बऱ्याच परीक्षा देईल. आणि ही बोट शेवटी आहे कोणासाठी? तिच्यासाठीच ना?

शिवाय तिमाहीचा रिपोर्ट आजच द्यायचा होता. अर्धाही झालेला नाही. तेर्पस्त्राबाईंचा फोन आला आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं की फेन्नाला ताप आहे, मी रात्रभर जागा आहे. त्या लगेच म्हणाल्या, रिपोर्टचं मी बघते, तुम्ही मुलीजवळ बसा.

ताप काय, प्रत्येक मुलाला कधी ना कधी येतोच. मी फक्त तारीख अलीकडे आणली.

५ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ.
मेकॅनिक आला नाही.

आनेलीसचा फोन आला. रडत नव्हती, ओरडत नव्हती. एका सुरात सांगत होती. फेन्ना पास झाली. दोघी घरी पोचल्या, तर दारात तेर्पस्त्राबाई. हातात सुपाचं पातेलं, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. ट्रेनने आणि पुढे बसने, ते पातेलं मांडीवर घेऊन आल्या होत्या. फेन्नाचे केस ओले. हातात सर्टिफिकेट. बाईंनी विचारलं, एवढ्या तापात हिचे केस ओले कसे?

आनेलीस म्हणाली, “आणि योरिस, मी सांगितलं की ताप उतरावा म्हणून अंघोळ घातली. मी सांगितलं. तुझ्यासाठी. फेन्नाने माझ्याकडे बघितलं आणि सर्टिफिकेट पाठीमागे लपवलं.”

बाई गेल्यावर दोघींनी सूप प्यायलं नाही. फेकवलंही नाही. ते तसंच फ्रिजमध्ये आहे.

मी विचारलं, फेन्ना कुठे आहे? झोपली म्हणाली. अजून उजेड होता.

६ एप्रिल, रविवार.
ठरलं. उद्या सकाळी तेर्पस्त्राबाईंना सगळं खरं सांगून टाकायचं. सगळं म्हणजे मुख्य मुख्य. वाक्यं लिहून काढली, मोठ्याने म्हणून पाहिली. छान जमतात.

७ एप्रिल, सोमवार.
सांगता आलं नाही. मीटिंग सुरू होताच बाईंनी सगळ्यांना सांगितलं की काल त्यांच्या चर्चमध्ये फेन्नासाठी प्रार्थना झाली. तिचं नाव फळ्यावर लिहिलं होतं. सगळ्यांनी स्क्रीनवर बदामाची चित्रं टाकली. मी म्हटलं, थोडा उतार आहे. बाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? मी म्हटलं, काही तपासण्या करायच्या आहेत. एकदम ठणठणीत आहे म्हटलं असतं तर प्रार्थना करणाऱ्यांना कसं वाटलं असतं?

मीटिंगनंतर लिहिलेली वाक्यं पुन्हा वाचली. अजूनही छानच आहेत.

१० एप्रिल, गुरुवार.
फेन्नाचा फोन. आधी शाळेचं बोलली, मग एका मुलीच्या सशाचं. मग आवाज बारीक करून विचारलं, “बाबा, माझ्या आजाराचं नाव काय आहे?”

तुला काहीही झालेलं नाही म्हटलं. ती म्हणाली, मग त्या सूपवाल्या आजी मला हळू हळू चाल का म्हणत होत्या? आणि सर्टिफिकेट खिडकीत कधी लावायचं? आई म्हणते, बाबा आल्यावर.

लवकर येतो म्हटलं. कधी? इंजिन झालं की. ‘बरं’ म्हणाली. पोरगी आईचं ‘बरं’ शिकली आहे.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. मेकॅनिकला चिडून फोन केला. त्याच्यामुळे केवढा घोटाळा झालाय हे त्याला कळायला हवं. उचलला नाही.

१६ एप्रिल, बुधवार.
काल दुपारपासून दक्षिणेचा वारा. धक्क्याला बांधलेली असूनही गालिनी अशी हलत होती की माझ्या पोटात काही राहिलं नाही. जमिनीशी जोडलेल्या बोटीत माणसाला मळमळू नये असा माझा समज होता.

बाहेर नांगरावर थानासिसची बोट. नांगर सुटला. तो होडीतून तिकडे निघालेला मी खिडकीतून पाहिला. लाटांत होडी दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. तो पोचला, पण तोवर बोट खडकांना लागली होती. सुकाणू मोडलं. ईस्टर तोंडावर, आणि माणूस घरी बसला.

त्याच्या जागेवर माझी बोट उभी होती. साधा ओरखडा नाही.

आज सकाळी भेटायला गेलो. वाइनची बाटली नेली. तो जाळं आवरत होता. मी खूप बोललो. वाऱ्याबद्दल, इंजिनबद्दल, मेकॅनिकबद्दल. टोमणा मारेल म्हणून वाट पाहिली. त्याचं जाळं आवरून झालं होतं, तरी तो पुन्हा उलगडून आवरायला लागला. बाटली तिथेच ठेवून आलो.

१७ एप्रिल, गुरुवार.
गालिनीचा पहिला प्रवास आज झाला. मी खाली मीटिंगमध्ये होतो.

डोक्यावर पावलं वाजली. दोर पडल्याचा आवाज. मग इंजिन. सुरू झालं! थानासिसने काय केलं कोण जाणे. बहुधा मेकॅनिकची गरजच नव्हती. खालून पाणी सरकताना जाणवलं. समोर स्क्रीनवर विधवांच्या पेन्शनचा तक्ता, आणि मागे अभ्यासिका शांत. तेर्पस्त्राबाईंनी विचारलं, तुम्ही इतके पांढरे का पडलात? मग स्वतःच म्हणाल्या, काळजीने. तुम्ही जा, मुलीजवळ बसा.

वर आलो तेव्हा गालिनी बाहेर नांगरावर होती. थानासिस आपल्या होडीत उतरत होता. मी म्हटलं, मला सांगायचं तरी. तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तू वारा बघितला असतास.”

धक्क्याच्या जागेवर त्याची मोडकी बोट दोघंतिघं मिळून ओढत आणत होते. जर्मन जोडपं टाळ्या वाजवत होतं. कोणासाठी ते स्पष्ट झालं नाही.

संध्याकाळी ओकारी. रात्री ओकारी. निर्णय: काही दिवस घरी जायचं. हवापालट.

२६ एप्रिल, शनिवार. डेव्हेंटर.
घरी. आनेलीसने दार उघडलं, बॅग आत घेतली. मला नाही. म्हणजे मी आलो आत, पण बॅगच्या मागून.

तिने सांगितलं, उद्या तेर्पस्त्राबाई येणार आहेत, फेन्नाला बघायला. म्हणाली, या वेळी मी एक शब्द बोलणार नाही, आणि पोरीलाही काही शिकवणार नाही. तू आहेस, तू बघ.

उद्या सांगतोच. समोरासमोर सांगणं केव्हाही जास्त सभ्य.

२७ एप्रिल, रविवार. दुपार.
बाई आल्या. चर्चमधल्या मुलांनी केलेलं भलंमोठं कार्ड आणलं होतं. फुलं, सूर्य, एक पिवळा हत्ती, प्रत्येकाची सही. फेन्नाने कार्ड मांडीवर घेतलं आणि प्रत्येक नाव बोट ठेवून वाचलं. मी घसा साफ केला. कॉफी विचारली. परत घसा साफ केला.

फेन्नाने कार्ड मिटलं आणि बाईंना परत दिलं.

“मी आजारी नव्हते,” ती म्हणाली. “बाबा बोटीवर होते म्हणून मला आजारी राहायला लागलं. हे खऱ्या आजारी मुलीला द्या.”

आनेलीस खिडकीबाहेर बघत होती. मी माझी वाक्यं शोधत होतो. त्यातलं एकही इथे बसत नव्हतं. बाईंनी विचारलं, कसली बोट? सांगितलं. सगळं. मुख्य मुख्य नाही, सगळं.

बाईंनी कार्ड पिशवीत ठेवलं. मग मला आडनावाने हाक मारून म्हणाल्या, “सत्तर माणसं तिच्यासाठी डोळे मिटून बसली होती, वेल्डकाम्प. आता त्यांना काय सांगू?” मी सुचवलं की ती बरी झाली असं सांगता येईल. “म्हणजे आजारी तुम्ही पाडायचं आणि बरं मी करायचं?”

निघताना त्यांनी फेन्नाला विचारलं, त्या दिवशी पाठीमागे काय लपवलं होतंस? फेन्ना धावत जाऊन सर्टिफिकेट घेऊन आली. बाईंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. बुटांसकट? बुटांसकट. बाई हसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि माझ्याकडे बघून नाही.

सर्टिफिकेट आता खिडकीत आहे. आनेलीसने लावलं. मी टेप धरली होती.

२ मे, शुक्रवार.
नोकरी राहिली. रोज ऑफिसात जायचं, टेबल बाईंच्या दारासमोर. एका दृष्टीने हा विश्वासच म्हणायचा.

थानासिसला फोन केला. गालिनी त्याने परत घ्यावी आणि मोडलेल्या सुकाणूचा हिशेब त्यात मिटवावा असं ठरलं. व्यवहार दोघांच्याही सोयीचा. मी सुचवला असंही म्हणता येईल. त्याने फक्त आधी बोलून दाखवला. फोन ठेवताना गुडघ्यांबद्दल विचारलं. बरे आहेत म्हणाला. कॅप्टन म्हणाला नाही.

१४ जून, शनिवार.
आनेलीसने फेन्नाला तळ्यावर शीड शिकायला घातलंय. टबाएवढ्या होड्या, एकेका मुलाला एकेक. आज पालकांनी शिकवणाऱ्या बाईंच्या मोटरबोटीतून मागोमाग जायचं होतं. आनेलीसने मला पाठवलं. अजून जेवताना फार बोलत नाही, पण पाठवलं हे खरं.

शिकवणाऱ्या बाईंनी मला विचारलं, तुम्हाला बोटींची सवय आहे का? मी तोंड उघडण्याआधी फेन्ना म्हणाली, “बाबांची मोठी बोट होती. ते तिच्यात ऑफिस करायचे.” तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बूट काढले, पँट दुमडली. एक पाय मोटरबोटीत ठेवला. ती किंचित डोलली. पाय मागे घेतला. म्हटलं, इतकी माणसं नकोत, मुलं बिचकतात. बाई ‘बरं’ म्हणाल्या. हा शब्द आता सगळ्या देशात पसरला आहे.

फेन्नाने शीड ओढलं, होडी तिरकी झाली, सरळ झाली आणि निघाली. एकदा वळून हात केला. मी काठावर दोघांचे बूट सांभाळत बसलो.