लोणारच्या समुद्रात मरळ

८ मार्च १९४४, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. एक दिवस चुकवायचा नाही.
कोकणात सहा आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन आलेला अख्ख्या वऱ्हाडात मी एकटा. कालवांची शेती, मासळीचं बीज, विणीच्या दिवसांत जाळी बंद ठेवण्याचे फायदे, सगळं तोंडपाठ. अडचण एकच. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही.
पण लोणारचं तळं आहे! पाणी खारट. म्हणजे समुद्रच, फक्त लहान. आजवर हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही?
वरच्या साहेबांनी मान्य केलं. लढाई चालू, अन्न वाढवायचंय, त्यांना सही करायची घाई होती. हुद्दा मिळाला: मरीन असिस्टंट, लोणार. दारावर पाटी ठोकली.

११ मार्च
पाटी वाचून दोघं जण पलटणीत भरती व्हायला आले. परत पाठवले.
आमच्या कोकिळेनं बायकोच्या अधिकारानं विचारलं, जन्मात मासा खाल्ला नाही तो माणूस मासे काय वाढवणार? मी म्हणालो, खात नाही म्हणूनच निःपक्षपाती आहे. ती भाकऱ्या थापत राहिली.
संकल्प: पोहायला शिकायचं.

१४ मार्च
तळ्याचं पाणी तपासलं. चव खारट, जरा तुरट, जिभेला बुळबुळीत. लिटमसचा लाल कागद बुडवताच गडद निळा झाला. इतका निळा होणं शक्य नाही. लढाईच्या दिवसांतला माल, कागद खराब निघाला. दुसरा बुडवला. तोही खराब. पुडकं फेकून दिलं.
पोहणं उद्यापासून.

१९ मार्च
इथून दोन कोसांवर नदीला डोह आहे. बाकी नदी आटली, डोहात मात्र पुरुषभर पाणी. मरळ, वाम, शिंपले, सगळं भरपूर. बीज इथूनच घ्यायचं.
काठावर भोयांची चौदा घरं. त्यांचा म्हातारा, पुंजाजी, आडवा आला. म्हणाला, "होळीपासून पह्यला पूर येईस्तोर डोहात जाळं नाई टाकत, सायेब. माय हाये ते. तिथूनच सारी नदी भरते." उन्हाळ्यात फक्त शिंपले वेचायचे, तेही हातानं, आणि मुठीपेक्षा लहान दिसला तर परत पाण्यात. चौदा घरांचा उन्हाळा त्यावरच निघतो म्हणे.
शुद्ध अंधश्रद्धा. डोहाला आई म्हणणाऱ्या माणसाला शास्त्र कसं समजावणार? विणीच्या काळाचं महत्त्व सांगायला गेलो, तर मान हलवून म्हणाला, "हाव, हाव, तेच तं." काहीच कळलं नाही बिचाऱ्याला.

२७ मार्च
भोई जाळं टाकायला तयार नाहीत. गावचे पाटील रामराव यांना शिक्क्याचा कागद दाखवला. त्यांनी परगावचे गडी आणि चार बैलगाड्या दिल्या. सरकारी काम म्हटल्यावर पुंजाजी गप्प बसला. विजय!

२ एप्रिल, दुपारी
ऐतिहासिक दिवस. पहाटे जाळं ओढलं. साठ मोठ्या मरळी, शिंपल्यांच्या सहा पाट्या. एका मरळीभोवती लाल पिल्लांचा थवा होता. ती पळेना. पिल्लांसकट घागरीत घेतली, बीज म्हणून उत्तमच.
नऊ चाळीसला तळ्यात सोडल्या. सव्वादहाला सगळ्या उलट्या. कल्ल्यांवर पांढरा चिकटा.
कारण: प्रवासाचा शीण. घागरींना ओलं फडकं गुंडाळायला हवं होतं. पुढच्या वेळी गुंडाळायचं.

९ एप्रिल
ओलं फडकं गुंडाळलं. शिवाय तळ्याचं पाणी घागरीत वाटी-वाटीनं मिसळत नेलं. या खेपेला पंचावन्न मिनिटं जगल्या! पस्तीसवरून पंचावन्न. या वेगानं ज्येष्ठापर्यंत कायमच्या जगतील.
पुंजाजीची मुलगी तानुबाई दोन पोरींना घेऊन काठावर उभी होती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. म्हणाली, "सायेब, या पाण्यानं आमी लुगडी धुतो, साबन लागत नाई. यात मासोळी कशी जगन?" मी तिला खारं पाणी आणि जीवसृष्टी यांवर पाच मिनिटं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग आमी काय खावं?" म्हणालो, वर्षभर कळ काढ, इथे शिंपल्यांची बाग होईल.

१६ एप्रिल
तिसरी आणि शेवटची खेप. डोहात आता काही लागत नाही, जाळं चिखल घेऊन वर येतं. शिंपले दोरांना बांधून बांबूच्या चौकटीला लटकवले, अगदी कोकणातल्यासारखे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी तोंडं उघडली. म्हणजे श्वास घेताहेत.

१८ एप्रिल
श्वास घेत नव्हते. वास गावापर्यंत गेला.

१ मे
रिपोर्ट पाठवला. "बीज-संकलन शंभर टक्के. संवर्धनाबाबत प्रयोग चालू." एक शब्द खोटा नाही.
उन्हामुळे पोहणं तहकूब.

७ जुलै
नदीला दोन पूर येऊन गेले. भोयांची जाळी रिकामी. मी धीर दिला, मासे खालून चढून येतील, निसर्ग आपलं काम करतो. पुंजाजी म्हणाला, खाली धोंड्यांची उंच धार आहे, तिच्यावरून मासोळी चढत नाही. त्याचा अभ्यास नाही.

२० सप्टेंबर
जाळी अजून रिकामी. मासे लाजरे असतात.
कोकिळा भोयांकडे भाकऱ्या घेऊन जाते. मला सांगत नाही, मीही विचारत नाही.

४ ऑक्टोबर
तानुबाईची धाकटी गेली. हिवताप. यंदा साथच आहे, सगळीकडे जाताहेत.
कोकिळेला तसं म्हणालो. ती म्हणाली, "सगळीकडे नाही. पोटात अन्न आहे तिथे नाही."
आज दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

१२ नोव्हेंबर
भोयांची घरं एकेक करून खामगावला कापसाच्या जिनिंगात चालली आहेत. तानुबाईही थोरल्या पोरीला घेऊन गेली. तिथे रोजची मजुरी मिळते, एका अर्थी प्रगतीच.
दुसऱ्यांदा लिहितो आहे. प्रगतीच.

३ जानेवारी १९४५
वरून पत्र. रिपोर्ट आवडला. शंभर टक्के संकलन जिल्ह्यात कुणालाच जमलं नव्हतं. आता जळगाव जामोदकडच्या एका नदीवर डोह आहे, तिथलंही बीज असंच उचलावं.
उत्तर लिहायला बसलो. मायना लिहिला. पुढे सुचलं नाही.

९ फेब्रुवारी
जळगावच्या कामाला नकार कळवला. कारणाच्या जागी प्रकृती लिहिलं. प्रकृती ठणठणीत आहे.

११ फेब्रुवारी, सकाळी
नदीवर गेलो. चौदा घरांतलं एकच उघडं. पुंजाजीला चालवत नाही, म्हणून तो मागे राहिला. शेजारच्या गावची एक बाई दिवसाआड पेज आणून देते. हातपायांच्या काटक्या झाल्यात. डोळ्यांनीही आता दिसत नाही. आवाजावरून त्यानं मला ओळखलं.
मी सांगायचं ठरवून गेलो होतो. तळं समुद्र नव्हतं, डोहाबद्दल तुझंच खरं होतं, एवढंच. वाटेत चारदा घोकलं होतं.
त्यानंच आधी विचारलं, "सायेब, तुमच्या समुद्रात मासोळी झाली का?"
मी "हाव" म्हणालो.
त्याला फार आनंद झाला. म्हणाला, "मंग तानीले चिठ्ठी टाका. मासोळी झाली म्हना. पोरीले घेऊन वापस येईन ते."
चिठ्ठी टाकतो म्हणालो. त्यानं माझा हात बराच वेळ सोडला नाही.