कधीच पुन्हा न येणारी फरशी

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे. पुढेमागे कोणाला संशोधनासाठी लागली तर अडचण नको.

कारण असं: काल पेपरात विज्ञानाचं पान होतं. एका निवृत्त गृहस्थाने (पूर्वी छपाईच्या कामात) घरी कागद कापता कापता एक आकार शोधला. त्या एकाच आकाराच्या फरश्या कितीही लांबवर लावत जा, नक्षी कधीच पहिल्यासारखी फिरून येत नाही. गणितवाले पन्नास वर्षं हेच शोधत होते. आणि सापडलं कोणाला? गृहस्थाला! मीही गृहस्थच आहे. शिवाय वजनमाप खात्यात निरीक्षक. मोजमाप रक्तात.

आमच्या बाथरूमची फरशी सुटली आहे. पंधरा तारखेला ताई येते आहे. माझी मोठी बहीण, गणिताची निवृत्त शिक्षिका. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर राहील. लहानपणी तिनेच मला गणित शिकवलं. ते ती अजून लोकांना सांगते, पण अपघात सांगावा तशा सुरात.

संकल्प: बाथरूमला माझ्या स्वतःच्या शोधाची फरशी. पंधराच्या आत.

२ सप्टेंबर, मंगळवार
हिला सांगितलं. हिने विचारलं, बाजारातल्या चौकोनी फरशीला काय धाड भरली आहे? म्हटलं, दृष्टीचा फरक असतो. शनीला नुकतेच एका दमात एकशे अठ्ठावीस नवे चंद्र मोजले गेले. कोणीतरी मान वर केली म्हणून ना? ही म्हणाली, पॅसेजमधला बल्ब जाऊन महिना झाला, एकदा तिथेही मान वर करा.

उद्या बल्ब.

४ सप्टेंबर, गुरुवार
बल्ब राहिला. बुटांचे सगळे खोके कापले. बूट सध्या जमिनीवर. अठ्ठावीस आकार झाले. ही म्हणाली, या वयात खेळत काय बसता? मी शांतपणे सांगितलं, प्रयोगशाळेतल्या मधमाश्यासुद्धा लाकडी चेंडू लोटत बसतात, निव्वळ मजा म्हणून. सिद्ध झालंय. त्यावर, त्यांचं मध काढून झालेलं असतं, असं उत्तर आलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ७.४०
सापडला!!

चार बाजू. एकही दुसरीसारखी नाही. त्या गृहस्थाला तेरा बाजू लागल्या, माझं चारांत भागलं. जेवणाच्या टेबलावर बारा तुकडे लावून पाहिले, नक्षी परत आली नाही. तेराव्याला टेबल संपलं.

फरशीवाल्याला बोलावलं. शांत माणूस. पुठ्ठ्याचा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, साहेब, हा तुटलेला आहे का?

संध्याकाळपर्यंत जुनी फरशी उखडून झाली. संडास वेगळा आहे, म्हणून संसार टिकून आहे.

७ सप्टेंबर, रविवार
अंघोळीची सोय दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरांकडे. पुढे दवाखाना, मागे घर. माणूस सज्जन. पेशंट यायच्या आत उरकायचं, एवढीच अट.

दाढी मात्र वेटिंग रूममध्ये करावी लागली. फिशटँकच्या काचेत प्रतिबिंब चांगलं पडतं. एक छोटा मासा आरशात स्वतःला ओळखतो, असा अलीकडचा शोध आहे. डॉक्टरांच्या माशाने मला ओळखलं नाही. रिसेप्शनवरच्या बाईंनीही नाही. त्यांनी नंबर दिला.

९ सप्टेंबर, मंगळवार
ऑफिसला सलग दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं उशीर. साहेबांनी बोलावलं. शास्त्रीय खुलासा दिला: उंचावर काळ जास्त वेगाने चालतो. अणुघड्याळांनी एका मिलिमीटरचा फरकसुद्धा मोजलाय. मी तळमजल्यावर राहतो, ऑफिस चौथ्या मजल्यावर. उशीर माझा नाही, मजल्यांचा.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. विचारी माणूस. म्हणाले, मग तुमचं टेबल तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये हलवू, म्हणजे काळ जुळेल.

वरच्या पातळीवर दखल घेतली गेली. खालच्या पातळीवर बसवून.

११ सप्टेंबर, गुरुवार
रेकॉर्ड रूमला खिडकी नाही. चिंतनाला उत्तम.

फरश्या कापताना कोपरे उडतात. चाळीस कापल्या, सतरा वाचल्या. फरशीवाला म्हणतो, दगडाला हे पटत नाहीये.

ही बोलत नाही. पाणी न मिळालेली झाडं टकटक आवाज करतात, पण आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, असं वाचलं होतं. हिचा ऐकू येतो. भांड्यांतून.

१३ सप्टेंबर, शनिवार
आणीबाणी. पाच ओळी लावून झाल्यावर फरशीवाला म्हणाला, साहेब, पहिल्या ओळीत होतं तेच तिसरीत आलंय. मी म्हटलं, भास आहे. त्याने बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, तिसरीतला तुकडा जरा फिरवा. फिरवला. फट पडली. दुसरा फिरवला. दोन बोटं जातील एवढी फट.

मी म्हटलं, व्हाइट सिमेंट भरा. ज्ञानाला थोडी फट चालते. तो म्हणाला, ज्ञानाला चालत असेल, पाण्याला चालत नाही. भिंतीत मुरेल.

सगळं काढलं. तो सोमवारी येतो म्हणून गेला.

१५ सप्टेंबर, सोमवार
फरशीवाला आला नाही. ताई आली.

काठी टेकत थेट बाथरूमच्या दारात गेली. आत माती, मध्ये पाइप. मी सांगितलं, संशोधन चालू आहे. ती हं म्हणाली. शाळेत माझी वही परत देताना असंच म्हणायची.

१६ सप्टेंबर, मंगळवार
रजा टाकली. ताईला अंघोळीला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. दोन मजले, लिफ्ट नाही. हिने तिचा दंड धरला होता, मी पुढे टॉवेल आणि स्टूल घेऊन. पहिल्या वळणावर ताई पायरीवर बसली. चेहरा पांढरा पडला होता. "थांब जरा," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, वर काळ थोडा वेगाने... हिने माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य सोडून दिलं.

ताई पाच मिनिटं बसली. मी टॉवेलची घडी मोडत होतो आणि पुन्हा घालत होतो. लहानपणी सायकलवरून पडलो तेव्हा ताईनेच मला पाठीवर घेऊन घरी आणलं होतं, हे उगाच आठवलं. शोधाशी संबंध नाही. फक्त नोंद.

१७ सप्टेंबर, बुधवार. दुपारी ३
ताईने पुठ्ठ्याचे तुकडे मागून घेतले. मी समजावू लागलो, तिने हात वर केला. मग एक तुकडा सरळ, एक उलटा, एक सरळ, एक उलटा. दोन मिनिटांत टेबल भरलं. एकही फट नाही, आणि नक्षी तीच, तीच, तीच.

"कुठलाही चौकोन घे," ताई म्हणाली, "कितीही वाकडा. चार कोनांची बेरीज तीनशे साठ, म्हणून ते एका बिंदूभोवती येऊन बसतातच. सातवीत शिकवलं होतं तुला. तू पट्टीने पाठ खाजवत होतास."

मी विचारलं, तेव्हा कोणी याचा शोध लावलेला होता का?

ताई हसली. इतकी, की गुडघा धरावा लागला. ही पण हसली. बारा दिवसांनी. मीही हसलो असतो, पण मी रेकॉर्ड रूममध्ये बसणारा माणूस आहे.

मग ही म्हणाली, आता साधी फरशी आणा. मी गेलो. येताना बल्बही आणला. लावला.

२० सप्टेंबर, शनिवार
चौकोनी, पांढरी फरशी. फरशीवाल्याने दीड दिवसात लावली. ताईने घरच्या घरी अंघोळ केली, बाहेर येऊन केस पुसत म्हणाली, "छान झालंय रे." हिने डॉक्टरांना पेढे नेऊन दिले.

दुपारी एकटा आत उभा राहून नीट पाहिलं. कोपऱ्यात, पाइपापाशी, एक तुकडा आहे. सात बाजू, एक गोलाई. सगळ्या फरशीत तो आकार पुन्हा कुठेही नाही. दोनदा मोजलं. फरशीवाला बाहेर हत्यारं बांधत होता, त्याला हाताला धरून आत आणलं आणि दाखवलं.

तो म्हणाला, पाइप आला की तसंच कापावं लागतं साहेब. सगळ्यांच्या घरी असतो तो.