कोरड्या खोलीतली दोरी

१२ मार्च
तुटली नाही! तेवढ्याच वजनाची पोलादाची तार तटकन तुटली आणि आमची दोरी यंत्रावर तशीच ताणलेली. तुतीचा पाला खाणाऱ्या किड्याच्या पोटातून पोलादाला हरवणारा धागा! रेशमाच्या किड्यात आम्ही कोळ्याचा गुण घातला, एवढंच. माझ्या कॉलेजात असं कोणी म्हटलं असतं तर प्राणिशास्त्राच्या बाईंनी वर्गाबाहेर काढलं असतं.
भावाला सांगितलं. "मग सरळ कोळीच का पाळत नाही?" एकत्र ठेवले की एकमेकांना खातात, म्हटलं. "म्हणजे आपल्या काकांसारखेच."

१५ मार्च
मोठ्या साहेबांना आता या दोरीवर माणूस लटकलेला हवा. फोटोसाठी! आणि माणूस कोण, तर माझाच भाऊ. उंच इमारतींच्या काचा धुणं हा त्याचा धंदा. हौसेने पुढे झाला. शनिवारी, बारा मजली इमारत.
मी म्हटलं, नेहमीची नायलॉनची दोरीही सोबत बांध. साहेब म्हणाले, "मग लोक म्हणतील, यांचाच यांच्या दोरीवर भरवसा नाही." भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, तू सांग. आहे का भरवसा?"
चष्मा फार मळला होता. पुसता पुसता म्हटलं, "आहे."

१६ मार्च
जीव टांगणीला लागणं म्हणतात ते हेच.

१८ मार्च
सगळे आकडे पुन्हा तपासले. चूक सापडत नाही. मग ही धाकधूक कसली? विचारलं तर साहेब हसले — "बाई, तुम्ही काळजीसुद्धा शिस्तीत करता." मी पुन्हा आकड्यांकडे वळले.

१९ मार्च, सकाळ
न्हाणीघराच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. काल सैल लोंबत होतं. आज अंघोळ झाल्यावर झाडायला गेले — तर वाफेने तारेसारखं ताठ! ओलं झालं की आखडतं!
आमची प्रयोगाची खोली कोरडी. धाग्याला बुरशी लागू नये म्हणून मुद्दाम कोरडी ठेवलेली. तिथे एकही दोरी आम्ही भिजवून ताणलेली नाही. एकही नाही! आणि भाऊ आज तिच्यावर लटकून पाण्याने काचा धुणार.
फोन उचलत नाही. दोरीवर असताना फोन घ्यायचा नाही — ही शिस्त मीच लावली. गाडी बोलावली आहे. ती येईपर्यंत हातांना काही काम हवं, म्हणून लिहिते. केस अजून ओले आहेत.
आली.

१९ मार्च, संध्याकाळ
दोरी भिजली, आखडली, कप्पीत अडकली आणि पीळ उसवून तुटली. पाचव्या मजल्याशी.
मी पोचले तेव्हा भाऊ पायरीवर बसून चहा पीत होता. कमरेला मागून नायलॉनची जुनी दोरी. कोणाला न सांगता बांधलेली! मी ओरडले, "भरवसा आहे म्हटलं होतं ना मी तुला?"
"म्हणालीस गं. पण चष्मा पुसत होतीस. खात्री नसली की तू लहानपणापासून तेच करतेस, ताई."