घरात लहान कोण?

मुलुंड (पूर्व)
९ जानेवारी २०२५

प्रिय राजाराम,

सप्रेम नमस्कार. तुझ्या कानातलं यंत्र दुरुस्त झालं का? मागच्या आठवड्यात फोन केला, तर तू नुसता "हॅलो, कोण बोलतंय?" करत राहिलास आणि मी इकडे ओरडून घसा बसवून घेतला. म्हटलं, आपलं जुनंच बरं, पत्र. मोबाइलवरही लिहिता आलं असतं, पण माझा फोन सदा अबोलीच्या हातात. नात आठ वर्षांची झाली आता. आलेला प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचून घरभर जाहीर करते.

इकडे ठीक आहे. देवदत्तचं ऑफिस आणि रेवतीची बँक, दोघं सकाळी निघतात ते दिवेलागणीलाच परततात. रेवतीचे आईवडील बोरिवलीला असतात. त्यांच्या सोसायटीसमोर मोठी शाळा आहे. अबोलीला तिकडेच ठेवा, असा त्यांचा दर सुट्टीत लकडा असतो. सून अजून हो म्हणालेली नाही. तुझी क्षमावहिनी गेल्यापासून या घरात आवाज आहे तो त्या पोरीचाच. रोज गोष्ट ऐकत माझ्याजवळ झोपायची. हल्ली आईकडे पाठवतो. मी फार घोरतो ना.

बरं, पत्राचं खरं कारण एक केस आहे. दवाखाना बंद करून इतकी वर्षं झाली, तरी ओळखीतलं कुणी येतंच. पुरुष, वय शहात्तर, जुना मधुमेह. महिन्याभराहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, पॅन्ट सैल झालेली. एकदा रुमालावर रक्ताचा ठिपका. एक्स-रे घाटकोपरला काढला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी दिसते. तुला अधिक सांगायला नको. थुंकीची तपासणी अजून केलेली नाही, कारण एकदा निदान झालं की नाव सरकारी नोंदीत जातं, आरोग्यसेविका घरी येते आणि घरात सगळ्यांना कळतं. गृहस्थांना ते नको आहे. घरात कुणाला त्रास न होता, गुपचूप औषध चालू करता येईल का, असं विचारतात.

आपण करायचोच की असं. तू डोंगरावरच्या त्या सॅनिटोरियममध्ये, मी इथे कारखान्यांच्या वस्तीत. तुझ्याकडे खाट रिकामी नसायची, म्हणून मी घरीच उपचार करायचो आणि तू निळ्या अंतर्देशीय पत्रांतून औषधाचं प्रमाण लिहायचास. पुण्याकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून एक्स-रे पाठवायचे, मग तुझ्या उत्तराची वाट बघायची. तो धोंडिराम आठवतो? फाउंड्रीतला? दीड वर्ष पत्रांवर बरा केला आपण त्याला. तू कधी त्याचं तोंडही पाहिलं नाहीस.

तेव्हा या गृहस्थांबद्दल तुझं मत कळव. घाई नाही.

तुझा,
विद्याधर


कांदिवली
१४ जानेवारी

प्रिय विद्याधर,

सप्रेम जय भीम. पत्र मिळालं. माझं यंत्र दुरुस्त होणार नाही, कानच गेलेत. त्यामुळे तू कितीही ओरडलास तरी उपयोग नाही. वाचता मात्र अजून बरं येतं.

केस वाचली. धोंडिरामच्या वेळी मी प्रत्येक पत्राच्या शेवटी एक प्रश्न विचारायचो, तो तुला आठवत असणार: घरात लहान कोण आहे आणि ते कुठे झोपतं? तू त्याच्या खोलीत जाऊन बघून आलास. एका खोलीत पाच माणसं. मग त्याची खाट गॅलरीत हलवलीस आणि त्याला तोंडावर सांगितलंस, "बायकोपासून लपवणार असशील तर मी औषध देणार नाही." हे तूच मला लिहून कळवलं होतंस, आणि मला तुझा फार अभिमान वाटला होता.

या केसमध्ये तू साखर लिहिलीस, ताप लिहिलास, पॅन्टसुद्धा लिहिलीस. घरातलं लहान मूल लिहिलं नाहीस. म्हणजे केसमध्ये नाही लिहिलंस. त्याच्या वरच्याच परिच्छेदात लिहिलंयस.

घोरणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्या नातीला दुसऱ्या खोलीत पाठवल्याचं मी आयुष्यात ऐकलेलं नाही, यार. नात जाते कंटाळून, आजोबा पाठवत नाहीत. आणि शहात्तर वर्षांचे, मधुमेह असलेले, मुलुंडहून एक्स-रे काढायला मुद्दाम घाटकोपरला जाणारे किती गृहस्थ तुझ्या ओळखीचे आहेत?

माझं मत विचारतोस तर ऐक. आपण पत्रांवर उपचार करायचो ते नाइलाज म्हणून. खाटा नव्हत्या, डॉक्टर नव्हते, औषध महाग. आज तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तपासणी आहे, गोळ्या फुकट आहेत आणि नीट घेतल्या तर हा आजार बरा होतो. पत्रावर बरा होणारा माणूस तू नाहीस. उद्या सकाळी थुंकी दे. त्याच्या आधी आज संध्याकाळी मुलाला आणि सुनेला सांग. पोरीला तपासायला हवं, आणि ते तुझ्या भीतीसाठी थांबणार नाही.

ती बोरिवलीला जाईल ही ती भीती, बरोबर? जाईल कदाचित. तरीही सांग.

राजाराम


मुलुंड (पूर्व)
११ फेब्रुवारी

प्रिय राजाराम,

तू परवा येऊन गेलास, तेव्हा जे बोलता आलं नाही ते लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. जेवणं व्हायची होती. अबोली खाली खेळायला गेली होती. मी दाराशी उभा राहूनच म्हणालो, "मला टीबी झालाय असं वाटतं. अबोलीची तपासणी करायला हवी."

देवदत्त ताडकन उठला. "बाबा, तुम्ही डॉक्टर आहात! कधीपासून?"

"महिना झाला असेल."

"आणि तुम्ही गप्प?" तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

रेवतीने गॅस बंद केला. ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, ती रोज मला विचारते, आजोबा माझ्यावर का रागावलेत? मी तिला सांगत होते, नाही गं, त्यांना झोप लागत नाही. मीच खोटं बोलत होते तर तिच्याशी."

राजाराम, इतकी वर्षं मी लोकांना हा रोग सांगत आलो. त्यांच्या घरात त्यानंतर काय होतं ते मी कधी थांबून पाहिलं नव्हतं.

थुंकीत जंतू निघाले. मुख्य औषधाला दाद देणारे आहेत, एवढं नशीब. गोळ्या सुरू आहेत. आरोग्यसेविका आली, संघमित्रा नावाची तरुण मुलगी. तिने मलाच विचारलं, "काका, गोळ्या रोज कशा घ्यायच्या, समजलं ना?" मी म्हटलं, समजलं. अबोलीचा एक्स-रे स्वच्छ आला. तिलाही खबरदारीची औषधं दिली आहेत, देवदत्त आणि रेवतीलाही.

आणि ती बोरिवलीला गेली. मी संसर्गातून बाहेर पडेपर्यंत, असं ठरलं होतं. पण गेल्या रविवारी रेवती बिचकत म्हणाली की जूनपासून समोरच्या शाळेत जागा मिळतेय, तिच्या आईने फॉर्म आणून ठेवलाय. तिला वाटलं असेल मी अडवीन. मी म्हणालो, "चांगली शाळा आहे. घाला." देवदत्तने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. मग त्याने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

घर फार शांत आहे. संध्याकाळी व्हिडिओवर येते ती, गोष्ट मागते, आणि मध्येच आजीकडचा कुत्रा दाखवायला पळते. गोष्ट अर्धी राहते.

आता परवाचं. तू एवढ्या लांबून, दोन रिक्षा बदलून आलास, मास्क लावून माझ्या पलंगावर बसलास आणि म्हणालास, "शर्ट काढ." मी हसलो. तुझ्याकडे स्टेथोस्कोप नव्हता, असता तरी काय ऐकलं असतंस! तू मला पाठमोरं बसवलंस आणि उजव्या खांद्याखाली तळवा ठेवलास. म्हणालास, "एक-दोन-तीन म्हण, मोठ्याने. हाताला कळतं मला."

तुला माझं तोंड दिसत नव्हतं. मी एक-दोन-तीन म्हणालो नाही, राजाराम. मी अबोलीचं नाव घेतलं. तू हात थोडा खाली सरकवलास आणि म्हणालास, "पुन्हा." मी पुन्हा घेतलं. तू पुन्हा म्हणत राहिलास, मी घेत राहिलो. शेवटी पाठीवर थाप मारून म्हणालास, "आवाज चांगला येतोय. सुधारशील."

ती बोरिवलीला गेल्यापासून ते नाव मी इतक्या मोठ्याने घेतलं नव्हतं. तुझ्या हाताला काय कळलं ते तू मला सांगू नकोस. पण महिन्याने परत ये.

तुझ्या देखरेखीखाली असलेला,
विद्याधर