सत्त्याऐंशीपट लहान

गाइसलिंगन,
१ डिसेंबर १९६२

ती. ऑयगेनदादास,
धाकट्या राइनहोल्डचा सा. न. वि. वि.

उद्या नाताळाआधीची पहिली मेणबत्ती लागेल. शिरस्त्याप्रमाणे या वर्षीचं इंजिन लाकडी खोक्यात, भुसा भरून, तुझ्याकडे रवाना केलं आहे. घाटात मालगाडीला मागून रेटा द्यायला मी रोज चालवतो तेच हे, हिरवं, दोन्हीकडे लांब नाकाचं. शेडमध्ये ते धुवायला उभं असलं की टेप घेऊन मी त्याच्या पोटाखाली शिरायचो. फोरमन म्हणाला, शिंप्याकडे जातोयस की काय. प्रत्येक माप सत्त्याऐंशीने भागलं, पितळेचा पत्रा कापला, डाख दिला. ते खरोखर सत्त्याऐंशीपट लहान झालंय की नाही, हे मी म्हणून उपयोग नाही. ते तुझ्या व्हर्नियरने म्हणायचं.

तुमच्या न्यूरेंबर्गच्या कारखान्याचा नवा कॅटलॉग बघितला. डबे यंदाही आखूडच! जेवणाच्या टेबलाखालच्या वळणावरून जावेत म्हणून बिचाऱ्या डब्यांच्या खिडक्या खाऊन टाकता तुम्ही. एवढा नावाजलेला साचेकार तू, आणि दिवसभर चुकीचं माप अगदी बरोबर कापत बसतोस. तुझी हौस भागवायला मी एक आहे म्हणून बरं.

एक मागणं आहे. चुकांचा कागद या वेळी हात राखून लिहू नकोस. नेहमीपेक्षा बारीक बघ. का, ते नंतर सांगेन.

बाबेटवहिनींना नमस्कार. मायेत काटकसर नको, चुका दाखवण्यात तर मुळीच नको.

तुझा,
राइनहोल्ड

—

गाइसलिंगन,
९ डिसेंबर १९६२

ती. ऑयगेनभाऊजींस,
लोरेचा सा. न. वि. वि.

तुम्हांला मी कधी वेगळं पत्र लिहीत नाही, म्हणून हे पाकीट बघून दचकू नका. सगळे धडधाकट आहोत. पण घरात काहीतरी बिनसलंय आणि काय ते मला कळत नाही.

हे हल्ली स्वतःतच असतात. परवा कॉफी कपाऐवजी बशीच्या कडेला ओतली. मी हसले तर किटली आपटून उठून गेले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दोनदा अडखळले. आमच्या मजल्यावर जिना झाडायची पाळी त्या आठवड्यात माझी होती, त्यामुळे पायरीवर काहीतरी राहिलं असेल म्हणून खापर माझ्यावरच फुटलं. पूर्वी मसुराची आमटी आणि श्पेट्झलेच्या शेवया दोनदा मागून घ्यायचे, आता ताटात चिवडत बसतात. फेब्रुवारीत रेल्वेच्या डॉक्टरांची तपासणी आहे, त्याचं दडपण असेल. शेडमध्ये तरुण ड्रायव्हर आलेत आणि हे पन्नाशीचे झाले. मनाला लागत असणार. आणखी काय असणार?

त्या इंजिनावर मात्र उन्हाळ्यापासून जीव टाकला. एकेक दांडा बसवायचा, उपटायचा, परत बसवायचा. पूर्वी शीळ घालत काम चालायचं, यंदा तोंडातून शिव्याच ऐकल्या. म्हणून पदर पसरते भाऊजी, या वर्षी तेवढा कागद मवाळ लिहा. दरवर्षी तुम्ही पंधरा-वीस चुका काढता आणि हे तो कागद कपाटाच्या दाराला आतून डकवतात. पण यंदा ते सोसवेल असं वाटत नाही. तुमच्या एका शब्दाने माणूस उभा राहील.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका. वहिनींच्या आल्याच्या केकची वाट बघतेय.

तुमची कृपा आमच्या घरावर आहे, ती या महिन्यात थोडी जास्त असू द्या.

लोरे

—

न्यूरेंबर्ग,
३ जानेवारी १९६३

चि. राइनहोल्डास,
अ. उ. आ.

इंजिन पोचलं, टेबलावर दोन आठवडे राहिलं, आज परत पाठवतो आहे. बाबेट म्हणते, सणाच्या दिवसांत नवऱ्याने आपल्याकडे जेवढं पाहिलं नाही तेवढं त्या पितळेकडे पाहिलं. आता मी तिला कोणत्या व्हर्नियरने समजावू?

डब्यांवरून तू मला टोचतोस ते मी मनावर घेत नाही. पोरांच्या बापांची घरं लहान असतात, वळणं त्याहून लहान. पूर्ण लांबीचा डबा केला तर तो पहिल्याच वळणावर रुळावरून उतरेल आणि पोर भोकाड पसरेल. खरं थोडं कापून दिलं की घरात शांतता नांदते, हे आमच्या धंद्याचं शहाणपण.

तर चुकांचा कागद. तू बारीक बघ म्हणालास, मी बारीक बघितलं. लांबी, उंची, चाकांमधलं अंतर, खिडक्या, रिव्हेट. या वर्षी कागदावर एकच शब्द लिहितो आहे: निर्दोष. हा शब्द मी आजवर कुणाच्याच कामाला लावलेला नाही. डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस.

थंडी मरणाची आहे. घाटात जपून. कान झाकून घे आणि मायेची ऊब इथून येते आहे ती राहू दे.

तुझा दादा,
ऑयगेन

—

गाइसलिंगन,
१३ जानेवारी १९६३, रविवार

ती. भाऊजींस,
लोरेचा सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

तुमचा कागद तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी, गेल्या आठवड्यातल्या शनिवारी, हातात पडला. त्यांनी तो वाचला, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मग मला उचलूनच धरलं. या वयात! आठवडाभर घरात शीळ ऐकू येत होती. मी मनात तुम्हांला दुवा देत होते.

आज जेवताना त्यांनी स्वतःहून सांगितलं. भाऊजी, गेल्या वसंतापासून त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आहे. मला नाही सांगितलं, कुणालाच नाही. गेल्या तपासणीत डॉक्टरांच्या पाटीवरची अक्षरं त्यांनी आधीच्या माणसाची ऐकून पाठ केली होती. पण मनाला पटेना. म्हणून ठरवलं, हे इंजिन डोळ्याची खरी परीक्षा. डॉक्टरला फसवता येतं, दादाच्या व्हर्नियरला नाही. दादाने चुका नेहमीएवढ्याच काढल्या तर डोळा ठीक, जास्त काढल्या तर शेडमध्ये जाऊन सगळं सांगायचं. आणि तुम्ही तर निर्दोष म्हणालात. आता फेब्रुवारीतही अक्षरं पाठ करूनच जाणार आहेत. म्हणतात, मनाचे खेळ होते, उगीच वर्ष घालवलं.

मी जेवण तिथेच सोडलं. कारण बुधवारची गोष्ट त्यांनी हसत हसत सांगितली. मालगाडीच्या मागे इंजिन लावताना ते अलगद टेकवायचं असतं, अंड्याला अंडं लावावं तसं. बुधवारी ते धाडकन आदळलं. शेवटच्या डब्यात गार्डची शेगडी उलटली आणि त्याचा हात भाजला. हे म्हणतात, ब्रेकवर बर्फ होता. गार्डनेही मानलं. पण उद्या त्या फटीत एखादा माणूस उभा असला तर?

येत्या गुरुवारी तर त्यांना उल्मची प्रवासी गाडी मिळाली आहे, माणसांनी भरलेली. मवाळ लिहा असं मीच सांगितलं होतं. तुमच्या पायावर डोकं ठेवून विचारते, ते इंजिन खरंच निर्दोष होतं ना? तसं असेल तर दोन ओळीत लिहा, मी पुन्हा कधी शंका काढणार नाही.

जीव टांगणीला लागलाय. आधी उत्तर, मग लोभ.

लोरे

—

न्यूरेंबर्ग,
१५ जानेवारी १९६३

चि. राइनहोल्डास,
अ. उ. आ.

तुमच्याकडे टेलिफोन असता तर बरं झालं असतं. तार आधी पाठवली आहे. हे पत्र जलद टपालाने तिच्या मागोमाग येतं आहे. तार मिळाल्यावर तू गाडीवर गेला नसशील असं धरून लिहितो. गेला असशील तर परत आल्यावर उभ्या उभ्या वाच.

इंजिन निर्दोष नव्हतं. तू खचलास असं कळलं, तुला उभारी द्यावी असं वाटलं, म्हणून मी खोटं लिहिलं. कुणी काय सांगितलं ते विचारू नकोस. लेखणी माझ्या हातात होती. खरं थोडं कापून दिलं की शांतता नांदते, या धंदेवाईक शहाणपणाने मी तुझ्या बाबतीत वागलो, त्याची लाज वाटते.

मापं माझ्या वहीत होती. आता ऐक. जे सपाट आहे ते सगळं बरोबर. लांबी, उंची, खिडक्या, रिव्हेटच्या रांगा यांत तुझ्याइतका साफ हात मी पाहिलेला नाही. पण पत्र्यापासून पुढे यायचं जे जे आहे ते सगळं चुकलं. चढताना धरायचे दांडे भिंतीपासून इतके लांब की जिथे मूठ मावायची तिथे माणसाचं डोकं मावेल. धक्का झेलणारा एक बफर दुसऱ्यापेक्षा पुढे. पायऱ्या आत दबलेल्या. दिवे वेगवेगळ्या खोलीवर. अशा एकवीस जागा.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्याकडे लॉयबल नावाचा नक्षीकार होता, युद्धात त्याचा एक डोळा गेला. सपाट पत्र्यावर तो देवासारखं कोरायचा, पण दांडा बसवायची वेळ आली की शेजारच्याला हाक मारायचा. एका डोळ्याला पुढचं-मागचं कळत नाही, राइनहोल्ड. तू ते इंजिन एका डोळ्याने केलं आहेस. मी तेव्हा तुझ्या वयावर आणि घाईवर खापर फोडून वही मिटली.

घाटात गाडीला तू एका डोळ्याने इंजिन टेकवतो आहेस. एक पाटी पाठ करून आणि एक खोटा शब्द खिशात घालून. पेन्शन, मान, शेडमधली पोरं काय म्हणतील, सगळं मला कळतं. तरी आज साहेबांकडे जा. मी हे हात जोडून लिहितो आहे आणि दटावूनही लिहितो आहे. जे चालेल ते घे.

आशीर्वाद आहेच. रागावलास तरी चालेल, गाडीवर चढू नकोस.

दादा

—

गाइसलिंगन,
२६ जानेवारी १९६३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तार आली तेव्हा मी बुटाच्या नाड्या बांधत होतो. गाडीवर जाऊ नकोस, पत्र येतंय, एवढंच. मी तरीही निघालो असतो. लोरे दाराशी बसली. ओरडली नाही, रडली नाही, नुसती उंबऱ्यावर बसून राहिली. मला तिला ओलांडून जावं लागलं असतं. त्या दिवशी आजारी असल्याचं कळवलं.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. पहिल्या चार ओळी वाचून मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि पुढे वाचायचा प्रयत्न केला. कागद होता, अक्षरं नव्हती. हे मी वर्षभरात एकदाही करून पाहिलं नव्हतं. सोपी गोष्ट होती, म्हणूनच केली नसेल. बाकीचं लोरेने वाचून दाखवलं. तुला मवाळ लिहायला तिनेच सांगितलं होतं, हेही तिने तेव्हाच सांगितलं.

शेडमध्ये चालत गेलो. साहेब चांगला माणूस आहे, त्याने दार लावून घेतलं. पाठ केलेल्या अक्षरांबद्दलही मी सांगितलं. गार्डकडेही गेलो. पट्टी बांधलेल्या हाताने त्याने मला सफरचंदाची दारू ओतून दिली, ते मात्र मला सोसलं नाही. श्टुटगार्टच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा गेल्यातच जमा, उजवा औषधाने राखता येईल. आधी आला असतास तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. साहेब मला दुरुस्तीच्या हिशेबांवर घेणार आहे. गाडी संपली.

आता तुझ्याशी बोलतो. मला राग आलाय, आणि तो तार वेळेत पोचल्याने कमी झालेला नाही. त्या एका शब्दावर मी आठवडाभर घाटात गाड्या रेटल्या. तू मोठा भाऊ म्हणून नाही, तू माप आहेस म्हणून मी तुझ्याकडे आलो होतो. जगात सगळे आपल्याला बरं वाटेल असं बोलतात. एक जागा होती जिथे तसं व्हायचं नाही. कपाटाचं दार उघडलं की तुझे सगळे कागद समोर येतात. परवा एकेक काढून वाचत होतो. आता मला कळत नाही, यातलं काय खरं मानायचं.

सगळ्यांचं विचारत नाही. एकाचंच विचारतो. १९५३, आई गेली ते वर्ष. मी ते इंजिन तिच्या उशाशी बसून पुरं केलं होतं. तू एकच चूक लिहिली होतीस. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम म्हणून मी ते लोकांना दाखवत आलोय. खरंच एक होती का, तेवढं लिही. त्यावर लोभ ठेवायचा की नाही ते ठरेल.

राइनहोल्ड

—

न्यूरेंबर्ग,
२९ जानेवारी १९६३

चि. राइनहोल्डास,
अ. उ. आ.

सतरा होत्या.

पुढची चाकं तर चक्क चुकीच्या अंतरावर होती. इंजिन मोजताना मला रडू येत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत मोजलं. तेव्हाही सतराच भरल्या. त्या सगळ्या मापांसकट खरा कागद सोबत जोडला आहे. बाकी सगळी वर्षं आहेत तशीच खरी आहेत. हवं तर सगळी इंजिनं घेऊन ये, तुझ्यासमोर मोजतो, वाचायला लोरे बसेल.

लोभाचं तू ठरव. मी वाट बघतो आहे.

दादा