वकिलाच्या नोटिशीतला शब्द

५ फेब्रुवारी १९५७, मंगळवार

खोटं बोललो! तेही शाळेच्या ओट्यावर, सगळ्या गावादेखत.

टपाल आलं की मास्तरने ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचं, ही तळेघरची रीत. आज कुशाबाईच्या नावाने पुण्याहून इंग्रजी पाकीट! तिचा नवरा संपत तिथे कारखान्यात असतो. चार वर्षांत गावाकडे फिरकला नाही. निघाली वकिलाची नोटीस — संपतला काडीमोड हवाय. अंगावर कोड उठल्यापासून बायको त्याला ‘रिपल्सिव्ह’ वाटते. हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी.

रिपल्सिव्ह म्हणजे किळसवाणी. शब्द अगदी ओठांवर आला. समोर कुशाबाई, पांढरे पडलेले हात पदरात लपवून, आशेने बघत होती. शेजारी तिची सासू धोंडाबाई — “वाचा की मास्तर! काय झालं माज्या लेकाला?”

“आजारी आहे,” म्हणालो. “अन्न जात नाही.”

उद्या कुशाबाईला एकटीला गाठून खरं सांगेन.

६ फेब्रुवारी

नाही जमलं. दोनदा तिच्या दारावरून गेलो आणि तसाच परत आलो.

कोश काढला. वाटलं, एखादा सौम्य अर्थ सापडेल. कसला सापडतोय! उदाहरणं दिलीत — कुजलेल्या मांसाचा वास, जखमेतला पू. वकिलाने तोच शब्द घरच्या लक्ष्मीला लावला. त्याने निदान लिहिला तरी. मला उच्चारायची छाती झाली नाही.

उद्या नक्की.

७ फेब्रुवारी

कुशाबाई पहाटेच पुण्याला गेली! नाचणीचं पीठ बांधून घेतलं, घोडेगावपर्यंत चालत, पुढे मोटारीने. धोंडाबाई म्हणाली, “नवऱ्याला अन्न जाईना, मंग बायकू घरी बसंल व्हय?”

आता कुठे गाठू तिला?

११ फेब्रुवारी

अजून नाही आली. पोरांवर उगाच खेकसलो. संपतने तिला दारातूनच हाकललं तर? हाकलू दे, म्हणजे मला सांगायला नको — असंही मनात आलं. शी! मास्तर म्हणे.

१४ फेब्रुवारी

कुशाबाई आली. चेहरा नुसता फुललेला. ओट्याशी वाकून पाया पडली माझ्या.

“तुमी सांगितलं म्हनून येळंवर गेले, मास्तर! धनी म्हनले, ‘व्हय, लई आजारी हाय. दवाखान्याच्या कागदांवर तुजा अंगठा लागंल.’ दिला म्या. तिन्ही कागदांवर.”